नोझलवर आकडा लिहा

गेल्या महिन्यात ठाण्याहून बाबांचा फोन आला. ‘अरे, गाडीत पेट्रोलचा वास येतोय.’ गाडी २००९ सालची हॅचबॅक. नौपाड्यात सोसायटीच्या आवारात उघड्यावर उभी असते, आठवड्यातून दोनदा बाहेर निघते. कोपरीच्या मेकॅनिकने बॉनेट उघडून व्हिडिओ कॉलवर मला पाइप दाखवला. पेट्रोलचा रबरी पाइप टोकाला फुगलेला, दाबला की लिबलिबीत, क्लॅम्पपाशी बारीक भेग. ‘दादा, जुन्या गाड्यांचे असे पाइप आता बरेच येतात. नवीन पेट्रोल.’

नवीन म्हणजे इथेनॉल, उसापासून आणि धान्यापासून बनणारं अल्कोहोल, मिसळलेलं. एवढ्यावरून इथेनॉलला दोषी ठरवणं बरोबर नाही. इतक्या वर्षांचं रबर वयानेही जातं. पण बाबांनी पंपावर विचारलं, ‘यात इथेनॉल किती टक्के?’ तेव्हा मुलगा म्हणाला, ‘काका, पेट्रोल आहे.’ मला राग आला तो या उत्तराचा. मुलाचा नव्हे, त्याच्यापुढच्या मशीनवर काही लिहिलेलंच नव्हतं.

मी नऊ वर्षं जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतो. गाड्यांचं वेड मात्र ठाण्याचं, आजोबांच्या प्रीमियर पद्मिनीपासूनचं. थंडीत सकाळी चोक किती ओढायचा हे मला शाळेत असताना ठाऊक होतं. म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर ई-२० वरून, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून, जुंपली की मी इथे रात्री जागून वाचतो. एक गट म्हणतो इंजिनांची वाट लागली, दुसरा म्हणतो तेलाच्या आयातीचे डॉलर वाचतात, तक्रार करणारे देशाचा विचार करत नाहीत. दोघंही मूळ मुद्द्याला बगल देतात असं मला वाटतं.

इथे पंपावर नोझल उचललं की गोल चिन्हात ई-५ किंवा ई-१० दिसतं. नव्या गाडीच्या टाकीच्या झाकणाआड तेच चिन्ह असतं. दोन्ही जुळवा आणि भरा. ई-१० लिटरमागे काही सेंट स्वस्त. २०११ साली ते आलं तेव्हा जर्मन लोकही घाबरले होते, ई-१० ला हात लावायला तयार नव्हते. तेव्हा कोणत्या कंपनीच्या कोणत्या मॉडेलला ते चालेल याच्या याद्या निघाल्या, आणि मुख्य म्हणजे ई-५ बंद केलं नाही. आजही बरेच जण तेच भरतात.

हिशेब साधा आहे. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. म्हणजे निव्वळ पेट्रोलवर १५ चं ॲव्हरेज देणारी गाडी ई-२० वर १४ च्या आसपास येणार. इथेनॉलचा ऑक्टेन चांगला, म्हणजे जास्त दाबाखालीही ते अवेळी पेट घेत नाही, त्यामुळे त्याच्यासाठीच बांधलेलं जास्त कॉम्प्रेशनचं इंजिन यातलं बरंचसं भरून काढतं. जुनं इंजिन ते करू शकत नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटलं होतं की कमी ऊर्जेची भरपाई म्हणून हे पेट्रोल स्वस्त असावं. आता सरकार सांगतं की इथेनॉलच महाग पडतं. मग तो फरक बाबांच्या खिशातून का?

सांगलीचे मामा माझ्याशी यावर भांडतात. ‘कारखान्याकडून उसाची बिलं वेळेवर यायला लागली ती इथेनॉलमुळे. तुला तिथे बसून काय कळणार?’ त्यांचं म्हणणं मी मनापासून मानतो. थकलेल्या बिलाची वाट बघणारं त्यांचं घर मी लहानपणी पाहिलंय. पण मामांची बिलं थांबवा असं मी म्हणतच नाही. ब्राझीलमध्ये इथेनॉल आपल्याहून जास्त, तरी तिथे पंपावर मिश्र पेट्रोल आणि निव्वळ इथेनॉल वेगवेगळं मिळतं, आणि २००३ पासून दोन्हीवर चालणाऱ्या फ्लेक्स गाड्या आहेत. गाडीवाला दर बघून ठरवतो. ऊस तिथेही विकला जातोच.

आपल्याला हे जमत नाही असं कुणी म्हणू नये. गाड्यांच्या धुरासाठीच्या नियमांत बीएस-५ ची पायरी गाळून १ एप्रिल २०२० ला आपण बीएस-४ वरून थेट बीएस-६ वर गेलो. निर्णय २०१६ चा, तयारीला चार वर्षं. देशभर कमी गंधकाचं इंधन आलं आणि जुन्या गाडीलाही ते बिनधास्त चाललं. मला त्याचा आजही अभिमान आहे, इथल्या इंजिनियर मित्रांना मी तो किस्सा सांगतो. ई-२० च्या वेळी उलटं झालं. २०३० चं लक्ष्य २०२५ वर आणलं. ई-२० ला टिकणारे पाइप-सील नव्या गाड्यांत एप्रिल २०२३ पासून यायला लागले, आणि त्याआधीच्या गाड्यांच्या मालकांना पर्यायच ठेवला नाही. साध्या पेट्रोलचाही पर्याय द्या म्हणणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. कायद्याने वाद मिटला असेल. घोडबंदर रोडवर तासभर पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये रांगणाऱ्या जुन्या गाडीच्या मालकाचा प्रश्न तसाच आहे.

माझं मागणं फार नाही. प्रत्येक नोझलवर टक्केवारी मोठ्या अक्षरात मराठीत लिहा. मोठ्या शहरांत निदान काही पंपांवर ई-१० ठेवा. २०२३ च्या आधीच्या प्रत्येक मॉडेलसाठी कोणते पाइप, कोणते सील बदलायचे आणि खर्च किती, याची यादी कंपन्यांनी जाहीर करावी.

बाबांचा तो एक पाइप बदलून झालाय. बाकीचे मी दिवाळीत आलो की बदलून घेणार. तोवर मी त्यांना टाकी फार दिवस रिकामी ठेवू नका म्हणून सांगितलंय, कारण इथेनॉल ओलावा ओढतं आणि पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत त्याला तोटा नसतो.