लोणारात यान उतरलं नव्हतं, मोठेबाबा

परवा रात्री साडेदहाला मोठेबाबांचा फोन आला. मला वाटलं, वावरात रानडुकरं शिरली. तर म्हणे, "तुले एक मॅसेज धाडला, पाह्यला का? आपल्या लोणारले यान उतरलं होतं. नासावाले सांगून राहिले." आमचं गाव मेहकर तालुक्यात, लोणार इथून तासाभराच्या आत. तोच मॅसेज आधी तीन ग्रुपांवर येऊन गेला होता, मी सोडून दिला होता. पण नववीतल्या पुतण्याने तो विज्ञानाच्या वहीत उतरवून घेतल्याचं कळलं आणि डोकं फिरलं.

मॅसेज थोडक्यात असा: 'प्रोमिथियस' या २०१२ च्या हॉलिवूडपटात नासाने दडवलेलं सत्य आहे. माणूस परग्रहवासीयांनी घडवला, डीएनए जुळला. लोणारचा खड्डा त्यांच्याच यानाचा, म्हणून २०२० साली पाणी गुलाबी झालं. 'एलियन' या जुन्या चित्रपटाची सगळी कोडी यात सुटतात. चित्रपट निर्दोष आहे. अभिमान असेल तर पुढे पाठवा.

नासाचं आधी उरकतो. दिग्दर्शक रिडली स्कॉट, लेखक जॉन स्पेट्स आणि डेमन लिंडेलॉफ. ही कथा आहे, अहवाल नाही. देव म्हणजे अंतराळवीर, ही कल्पना एरिक फॉन डॅनिकेन यांनी १९६८ सालीच पुस्तक लिहून विकली होती. आणि गंमत पहा, चित्रपटातच एक जीवशास्त्रज्ञ नायिकेला विचारतो की डार्विन मोडीत काढायला निघालात, पुरावा काय? ती सांगते, मी तसं मानायचं ठरवलंय. झालं! ज्या चित्रपटाचा पुरावा म्हणून दाखला देता, त्याची नायिकाच पुरावा नाही म्हणते.

आता डीएनए. चित्रपटाच्या सुरुवातीला एक गोरापान धिप्पाड परग्रहवासी धबधब्याकाठी काहीतरी काळं पितो, विरघळतो आणि पाण्यात जीवन पेरलं जातं. (ते दृश्य आइसलँडच्या डेट्टीफॉसला चित्रित झालंय, पाहण्यासारखं आहे.) पुढे त्याच्या जातभाईचा डीएनए माणसाशी तंतोतंत जुळतो. अरे, पण मधे सगळी उत्क्रांती झाली तिचं काय? चिंपांझीशी आपला डीएनए ९८ टक्क्यांहून जास्त जुळतो. माणूस वेगळा कारखान्यात घडवला असेल तर हे सोयरे कुठून आले? आणि डीएनएच्या लिपीचं म्हणाल तर ती तुरीत, बोंडअळीत, आपल्यात एकच आहे. मोठेबाबा, बीटी कपाशी तुम्हीच लावता ना? त्यात मातीतल्या एका जिवाणूचा जनुक घातलाय आणि तो कपाशीच्या झाडात बिनबोभाट चालतो, कारण दोघांची लिपी एक. त्याला कोणी पाहुणा यावा लागला नाही.

अर्धं खरं काय, तेही सांगून टाकतो. १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसनजवळ पडलेल्या उल्केत अमिनो आम्लं सापडली. जीवनाचा काही कच्चा माल वरून आला असेल, असं शास्त्रज्ञही म्हणतात. पण कच्चा माल आला म्हणजे गवंडीही वरूनच आला, असं होत नाही.

माझा खरा राग लोणारच्या दाव्यावर आहे. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा हा खड्डा आपल्या काळ्या पाषाणात, बेसाल्टमध्ये आहे. १९७३ साली 'सायन्स' या नियतकालिकात फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांचा लेख आला. त्यांना खड्ड्याच्या तळातून काढलेल्या नमुन्यांत मास्केलिनाइट सापडलं. खडकातलं फेल्डस्पार हे खनिज प्रचंड धक्क्याने जागच्या जागी काचेसारखं होतं, ते हे. ज्वालामुखीतून ते होत नाही, आणि यान अलगद उतरवूनही होणार नाही. वयाबद्दल मात्र वाद आहे. आधी ५२ हजार वर्षं म्हणत, २०११ मधल्या, खडकातल्या आर्गॉन वायूच्या मोजणीत ते सुमारे ५ लाख ७० हजार निघालं. वाद वयाचा आहे, कारणाचा नाही. वरून काहीतरी आलं होतं, एवढं मॅसेजवाल्याचं बरोबर. तो दगड होता.

गुलाबी पाण्याचंही तेच. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि मिठात वाढणारे रंगीत सूक्ष्मजीव माजले. पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासून हेच सांगितलं. मिठागरंही अशीच गुलाबी होतात.

राहिला 'निर्दोष'. शेवटी मी रविवारी मोठेबाबांना चित्रपटच दाखवला. डेव्हिड हा यंत्रमानव त्यांना आवडला, मलाही. मायकेल फासबेंडरने तो इतक्या थंडपणे केलाय की माणसांपेक्षा तोच लक्षात राहतो. नायिका यंत्रात शिरून स्वतःचं पोट फाडून घेते, तेव्हा ते उठून पाणी प्यायला गेले. पण गुहेत तो जीवशास्त्रज्ञ सापासारख्या फणा काढलेल्या जिवाला लाडाने हात लावायला जातो, तेव्हा ते ओरडलेच, "बावळट हाय का हा? फना काढलेल्या जनावराच्या अंगाले हात लावते का कोनी?" उभा जन्म वावरात काढलेल्या माणसाला जे कळतं, ते अब्जावधीच्या मोहिमेतल्या शास्त्रज्ञाला कळू नये? गुहेचा नकाशा काढणारा भूवैज्ञानिकच तिथे वाट चुकतो. परक्या चंद्रावर हवा ठीक वाटली म्हणून सगळे शिरस्त्राणं काढतात. गडगडत येणाऱ्या यानापुढे एक बाई सरळ रेषेत पळते, बाजूला होत नाही. पटकथेची ही भोकं दृश्यांच्या झगमगाटाने बुजत नाहीत.

कोडी सुटली म्हणता? १९७९ च्या 'एलियन'मधलं ते यान एलव्ही-४२६ नावाच्या चंद्रावर आहे, इथली गोष्ट एलव्ही-२२३ या दुसऱ्या चंद्रावरची. वेगळी जागा, वेगळं यान. त्या जुन्या यानात खुर्चीत बसलेल्या राक्षसी सांगाड्याची भीती तो कोण हे कळत नव्हतं म्हणून होती. इथे तो अंगावर चढवायचा पोशाख निघतो. आधीची गोष्ट सांगायच्या नादात जुन्या चित्रपटाची गूढताच थोडी कमी केली.

आणि अभिमान कसला, तेच समजत नाही. मॅसेजवाल्याने बहुतेक मध्यंतरानंतरचं पाहिलंच नाही. माणूस घडवणारे हे परग्रहवासी पृथ्वीवर विषारी काळा माल टाकून आपल्याला संपवायलाच निघालेले असतात. झोपेतून उठवलेला एक तर विचारपूस करायला गेलेल्या डेव्हिडचं मुंडकंच उपटतो.

पुतण्याने वहीतलं पान फाडलं. मोठेबाबांनी मॅसेज काढला की नाही, माहीत नाही. काल मात्र पुन्हा फोन आला. "काबे, त्या डेव्हिडचं मुंडकं घेऊन ते बाई गेली ना, मंग पुढं काय झालं?" म्हटलं, त्याचा दुसरा भाग २०१७ चा आहे, पण आधी सोयाबीन सोंगून होऊ द्या.