यादीत नाव नसेल तर ‘चॅलेंज वोट’ मिळत नाही : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

निवडणूक जाहीर झाली की ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक संदेश हमखास येतो. २०१९ च्या लोकसभेच्या वेळी तो आला आणि २० मे व २० नोव्हेंबर २०२४ या दोन्ही मतदानांच्या आधी पुन्हा आला. निवडणूक आयोगाने तो खोटा असल्याचे जाहीर करूनही त्याचे येणे थांबलेले नाही. शब्द थोडेफार बदलतात, आशय मात्र तोच असतो : मतदान केंद्रावर तुमचे नाव यादीत नसेल तर आधार कार्ड किंवा मतदार ओळखपत्र दाखवा, कलम ४९-ए नुसार ‘चॅलेंज वोट’ मागा आणि मत द्या, तुमच्या नावावर आधीच कोणी मत दिले असेल तर ‘टेंडर वोट’ मागा, एखाद्या केंद्रावर १४ टक्क्यांपेक्षा जास्त टेंडर वोट पडले तर तिथे पुन्हा मतदान घ्यावे लागते. काही प्रतींत शेवटी आणखी एक ओळ असते, की ‘नोटा’ला सर्वाधिक मते मिळाली तर निवडणूक रद्द होते आणि सगळे उमेदवार बाद होतात. यातल्या एका विधानात अर्धे सत्य आहे, आणि त्या अर्ध्या सत्याच्या आधारावरच बाकीचा संदेश खपतो. म्हणून एकेक दावा वेगळा घेऊन तपासणे आवश्यक आहे.

पहिला मुद्दा ‘कलम ४९-ए’चा. तो दोन वाक्यांत संपतो. ४९-ए हे कोणत्याही कायद्याचे कलम नसून निवडणूक संचालन नियम, १९६१ मधला एक नियम आहे, आणि त्यात मतदान यंत्राला कंट्रोल युनिट आणि बॅलट युनिट असे दोन भाग असतील, एवढीच यंत्राच्या रचनेची तरतूद आहे. मतदाराच्या ओळखीशी किंवा यादीतल्या नावाशी त्याचा कसलाही संबंध नाही.

‘चॅलेंज’ हा शब्द मात्र नियमांत खरोखर आहे, परंतु तो संदेशात सांगितला आहे त्याच्या बरोबर उलट्या दिशेने चालतो. ही तरतूद नियम ४९-जे मध्ये आहे. मतदाराचे नाव यादीत आहे, तो समोर उभा आहे, पण ही व्यक्ती त्या नावाची नाही अशी शंका एखाद्या उमेदवाराच्या मतदान प्रतिनिधीला आली, तर तो प्रतिनिधी केंद्राध्यक्षांकडे रोख दोन रुपये जमा करून त्या व्यक्तीच्या ओळखीला आक्षेप घेऊ शकतो. केंद्राध्यक्ष त्या व्यक्तीला तोतयेगिरीच्या शिक्षेची कल्पना देतात, यादीतली नोंद पूर्ण वाचून दाखवतात, ‘ही नोंद आपलीच का’ असे विचारतात, आक्षेपित मतांच्या यादीत तिचे नाव व पत्ता लिहून सही घेतात आणि जागच्या जागी थोडक्यात चौकशी करतात. आक्षेप सिद्ध झाला नाही तर ती व्यक्ती मत देते. सिद्ध झाला तर तिला मत देता येत नाही. म्हणजे आक्षेप मतदाराने घ्यायचा नसतो, तो मतदारावर घेतला जातो, आणि यादीत नाव असणे ही त्याची पहिली अट आहे. ज्याचे नाव यादीतच नाही, त्याने मागावे असे या नियमात काहीही नाही.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चे कलम ६२ याबाबत कोणतीही संदिग्धता ठेवत नाही : ज्या मतदारसंघाच्या यादीत ज्याचे नाव नाही, त्याला त्या मतदारसंघात मत देण्याचा हक्क नाही. आधार, पॅन, पारपत्र, वाहन परवाना ही कागदपत्रे, एवढेच नव्हे तर स्वतः मतदार ओळखपत्रसुद्धा, आपण कोण आहोत हे सिद्ध करतात; आपले नाव यादीत आहे हे सिद्ध करीत नाहीत. हा फरक अनेकांना केवळ तांत्रिक वाटतो. पण केंद्राध्यक्षांच्या हातात त्या दिवशी असते ती फक्त छापील यादी. त्या यादीत नाव भरण्याचा अधिकार त्यांना नाही, निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनाही त्या दिवशी नाही, कारण उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की यादीत नवे नाव घालता येत नाही किंवा असलेले काढता येत नाही.

गेल्या विधानसभेच्या मतदानाला मी ठाण्यातल्या एका शाळेतल्या केंद्रावर मतदान प्रतिनिधी म्हणून बसलो होतो. केंद्रात मोबाइल आणू देत नाहीत, म्हणून एक काका हा संदेश कागदावर छापून घेऊन आले होते. ओळखपत्र खरे, माणूस खरा, पण यादीत नाव नव्हते. पहिल्या मतदान अधिकाऱ्यांनी यादी दोनदा उलटून पाहिली, केंद्राध्यक्षबाईंनी तो कागद शेवटपर्यंत वाचला आणि असा नियम नसल्याचे शांतपणे सांगितले. त्या शिक्षिका होत्या. आदल्या दिवशी यंत्रे ताब्यात घेतल्यापासून त्या कामावर होत्या. काकांचा आवाज चढला, तेव्हा मागे बसलेल्या एका प्रतिनिधीने ‘यांनीच आमच्या लोकांची नावे उडवली’ म्हणून दुसऱ्याकडे बोट दाखवले, दुसऱ्याने तोच आरोप परत केला, आणि बाहेर रांगेतल्या माणसांना आत काय चालले आहे हे न कळल्याने तिथेही कुजबुज सुरू झाली. काकांना मत देता आले नाही. त्यांचा संताप खरा होता, पण त्या संतापाला कारण दिले होते ते त्या कागदाने.

नावे का सापडत नाहीत, याची कारणे आपल्या शहरांत शोधायला लांब जावे लागत नाही. नौपाड्यातली किंवा वर्तकनगरमधली जुनी इमारत पुनर्विकासाला जाते, कुटुंब तीन-चार वर्षांसाठी घोडबंदर रोडला भाड्याने राहायला जाते, बीएलओ, म्हणजे यादीसाठी घरोघरी पडताळणी करणारे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, जुन्या पत्त्यावर येतात तेव्हा तिथे पत्र्याचे कुंपण असते. वाशीतून खारघरला राहायला गेलेल्या माणसाला तर आपला लोकसभा मतदारसंघच नव्हे, जिल्हाही बदलला हे लक्षात येत नाही. खारघर पनवेल विधानसभा मतदारसंघात आणि रायगड जिल्ह्यात येते. पत्ता बदलल्यास नमुना ८ भरायचा असतो, नव्या नोंदणीसाठी नमुना ६. हे अर्ज ऑनलाइन, निवडणूक आयोगाच्या अॅपवर किंवा बीएलओकडे देता येतात आणि १९५० या क्रमांकावर चौकशी करता येते. हे सगळे मतदानाच्या कित्येक आठवडे आधी करायचे काम आहे, आणि नेमके तेच काम हा संदेश अनावश्यक असल्याचे भासवतो. ‘नाव नसले तरी चालते’ असे ज्याला वाटते, तो यादी तपासायला कशाला जाईल?

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण ती मतदाराच्या बाजूची आहे आणि फारशी कोणाला ठाऊक नसते. केंद्राध्यक्षांकडे आणखी एक यादी असते : गैरहजर, स्थलांतरित आणि मृत मतदारांची. आपले नाव मूळ यादीत आहे पण चुकून या दुसऱ्या यादीतही आले आहे, असे कळले तर घरी परत जाऊ नका. ओळख नीट पटवून दिली की अशा मतदाराला मत देता येते. त्याची ओळख अधिक काटेकोरपणे तपासली जाते आणि सहीबरोबर अंगठ्याचा ठसाही घेतला जातो. तसेच नावाच्या स्पेलिंगमधली किरकोळ चूक, ओळख पटत असेल तर, मत नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. यादीत नाव असलेल्या माणसाने अशा वेळी केंद्राध्यक्षांकडे आग्रह धरावा, तो त्याचा हक्क आहे.

आता अर्ध्या सत्याकडे येऊ. ‘टेंडर वोट’, म्हणजे अधिकृत भाषेत प्रदत्त मत, खरोखर अस्तित्वात आहे. नियम ४९-पी नुसार, आपल्या नावावर दुसऱ्याने आधीच मत दिल्याचे केंद्रावर कळले आणि केंद्राध्यक्षांच्या प्रश्नांना समाधानकारक उत्तरे देऊन आपली ओळख पटली, तर आपल्याला मत देता येते. मात्र ते यंत्रावर नाही. केंद्राध्यक्ष एक कागदी प्रदत्त मतपत्रिका देतात, त्याआधी नमुना १७-ब च्या यादीत आपल्या नोंदीसमोर सही घेतात, आपण मतदान कक्षात जाऊन शिक्का मारतो, घडी घालून ती त्यांच्या हाती देतो आणि ते ती स्वतंत्र लखोट्यात ठेवतात. संदेश इतपत बरोबर आहे, आणि ज्याच्या नावावर खोटे मत पडले त्याने हा हक्क जरूर बजावावा. पण हा लखोटा मतमोजणीच्या दिवशी उघडला जात नाही. ती मतपत्रिका निकालात मोजली जाते असे ज्यांना वाटते, त्यांचा पुढे भ्रमनिरास होतो.

मग तिचा उपयोग काय? निकाल लागल्यापासून ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल झाली आणि न्यायालयाला गरज वाटली, तर ती मते विचारात घेतली जाऊ शकतात. राजस्थानातल्या नाथद्वारा मतदारसंघात २००८ साली सी. पी. जोशी एका मताने हरले, तेव्हा प्रदत्त मतांचा वाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्या शेजारी, मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात, २०२४ साली रवींद्र वायकर अमोल कीर्तिकरांपेक्षा अवघ्या ४८ मतांनी पुढे राहिले. कीर्तिकरांच्या याचिकेत इतरांच्या नावावर पडलेल्या मतांचा मुद्दा होता; मुंबई उच्च न्यायालयाने ती याचिका डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली. त्याच वर्षी बेलापूर विधानसभेत मंदा म्हात्रे ३७७ मतांनी निवडून आल्या. इतक्या कमी फरकाच्या लढतींत प्रत्येक खोटे मत गंभीरच असते, पण त्याचा निवाडा केंद्रावरच्या टक्केवारीने होत नाही, न्यायालयात पुराव्याने होतो.

त्या १४ टक्क्यांचा आधार कोणत्याही कायद्यात किंवा नियमात नाही. पुनर्मतदानाचा आदेश देण्याचा अधिकार निवडणूक आयोगाचा आहे, आणि १९५१ च्या अधिनियमाच्या कलम ५८ व ५८-अ मध्ये त्याची कारणे दिलेली आहेत : मतदान यंत्र बेकायदा काढून नेले, नष्ट झाले, हरवले, मतदान चालू असताना बिघडले, कार्यपद्धतीत मतदान दूषित होईल अशी चूक झाली किंवा केंद्र बळकावले गेले. प्रदत्त मतांची ठरावीक टक्केवारी हे त्यातले कारण नाही. साधा हिशेब केला तरी हा दावा टिकत नाही. समजा एका केंद्रावर १,२०० मतदार आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांनीच मत दिले; ६०० चे १४ टक्के म्हणजे ८४. केंद्राला पाठवल्या जाणाऱ्या साहित्यात प्रदत्त मतपत्रिका असतात २०. कायदा करणाऱ्यांनी हा प्रकार अपवादात्मकच धरलेला आहे.

‘नोटा’विषयीच्या ओळीत गोंधळ होण्याला मात्र आपल्याकडे एक समजण्यासारखे कारण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर ‘नोटा’ आले. लोकसभा आणि विधानसभेत ती मते मोजली जातात, जाहीर होतात, पण उमेदवारांपैकी ज्याला सर्वाधिक मते मिळतील तोच निवडून येतो. २०२४ साली इंदूरमध्ये ‘नोटा’ला २ लाखांहून अधिक मते पडली आणि २०१९ साली लातूर ग्रामीण विधानसभेत ‘नोटा’ दुसऱ्या क्रमांकावर होते; दोन्हीकडे निकाल बदलला नाही. महापालिकेचे तसे नाही. ती निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, आणि २०१८ साली या आयोगाने स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता आदेश काढला, की ‘नोटा’ला सर्वाधिक मते मिळाल्यास त्या जागेसाठी पुन्हा निवडणूक होईल. ठाणे महापालिकेला लागू असलेली गोष्ट ठाणे लोकसभेला चिकटवली की हा दावा तयार होतो. दोन आयोग वेगळे आहेत, हे यादीच्या बाबतीतही लक्षात ठेवले पाहिजे : जानेवारी २०२६ मधल्या महापालिका निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादी धरली गेली, त्यामुळे त्यानंतर ऐरोलीत नाव नोंदवलेल्या माणसाला विधानसभेच्या यादीत नाव दिसत असूनही प्रभागाच्या यादीत ते सापडले नसेल.

माझ्याशी वाद घालणारे शेवटी विचारतात, की ज्यांची नावे खरोखर अन्यायाने वगळली जातात, त्यांनी मग करायचे काय. हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर कायद्यात आहे. संदेशात मात्र त्याचा उल्लेखही नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार, स्थलांतर झाले किंवा अपात्र ठरला या कारणावरून कोणाचे नाव काढायचे असेल, तर मतदार नोंदणी अधिकाऱ्याने आधी त्या व्यक्तीला आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिली पाहिजे. तशी संधी दिली नसेल किंवा निर्णय चुकीचा असेल, तर कलम २४ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्याकडे जिल्हाधिकाऱ्यांकडे, अपील करता येते आणि त्यांच्या निर्णयाविरुद्ध राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरे अपील करता येते. कोणत्याही पक्षाचा कार्यकर्ता असो, ज्याला आपल्या वस्तीतली नावे जाणूनबुजून वगळली गेल्याचा संशय आहे, त्याने नोटीस कोणत्या तारखेला निघाली, कोणत्या पत्त्यावर गेली आणि नमुना ७ चा, म्हणजे नाव वगळण्याचा, अर्ज कोणी केला होता, हे मतदार नोंदणी अधिकाऱ्यांना लेखी विचारावे. पहिल्या अपिलाला १५ दिवसांची मुदत असते आणि ती निर्णयाच्या तारखेपासून चालू होते.