अडीचशे वॉटची सवलत आणि सहा हजार वॉटची स्कूटर

दर दोन-तीन महिन्यांनी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज नव्याने येतो. कधी गुलाबाच्या फुलासकट, कधी "महत्त्वाची माहिती, पुढे पाठवा" असं वर लिहून. मजकूर थोडक्यात असा: इलेक्ट्रिक स्कूटरला लायसन्स, नोंदणी, विमा, हेल्मेट यातलं काही लागत नाही. वेग कमी वाटला तर दुकानदार पाच मिनिटांत वेगाचं लॉक काढून देतो. कॉलेजच्या मुलांना आणि घरातल्या ज्येष्ठांना बिनधास्त द्या. आवाज नाही, गिअर नाही, म्हणून पेट्रोलच्या स्कूटरपेक्षा सुरक्षित. पावसात मात्र बाहेर काढू नका, शॉक बसतो. रात्री चार्जिंगला लावून झोपा, सकाळी फुल्ल. आणि पीयूसीची कटकट नाही.

मी साताऱ्यात राहतो. गेली तीन वर्षं नव्वदचा वेग गाठणारी ई-स्कूटर चालवतो आणि परत घ्यायची वेळ आली तर तीच घेईन. तेव्हा हे उत्तर ई-स्कूटरला नावं ठेवण्यासाठी नाही. पण हा मेसेज वाचून कोणी माझ्यासारखी गाडी सोळा वर्षांच्या पोराच्या हातात दिली, तर ग्रुपवर पुढचा मेसेज श्रद्धांजलीचा येईल.

"लायसन्स, नोंदणी, विमा, हेल्मेट काही लागत नाही."

हे एका प्रकारच्या गाडीबद्दल खरं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे बॅटरीवरचं दुचाकी वाहन "मोटार वाहन" धरलं जात नाही, पण त्यासाठी सगळ्या अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत: कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, मोटरची ताकद २५० वॉटच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, बरे ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक. दूधवाल्याच्या सायकलची थोडी मोठी बहीण म्हणा. तिला सवलत आहे.

आता रस्त्यावर खरोखर दिसणाऱ्या गाड्या बघा. एथर ४५०एक्सची कमाल ताकद ६.४ किलोवॉट, वेग ९०. ओलाच्या एस१ प्रोची दुसरी पिढी ११ किलोवॉटची, वेग १२०. तुलनेला अ‍ॅक्टिव्हा ११० घ्या, तिची ताकद पावणेसहा किलोवॉटच्या आसपास. म्हणजे "बॅटरीवरचं खेळणं" म्हणून घरात आणलेली वस्तू अ‍ॅक्टिव्हाहून जोरदार असू शकते. एक बारकावा इथेच सांगतो. जाहिरातीत छापतात ती काही क्षणांपुरती मिळणारी कमाल ताकद. नियमातले २५० वॉट म्हणजे सलग अर्धा तास देता येईल अशी ताकद. हे दोन आकडे वेगळे आहेत आणि काही विक्रेते नेमका याच फटीत गिऱ्हाईकाला अडकवतात. पण वेगाच्या अटीत अशी फट नाही. गाडी ३०ने पळत असेल तर सवलत संपली.

गैरसमजाचं मूळ बहुधा २०२१च्या ऑगस्टमध्ये आहे. तेव्हा केंद्राने इलेक्ट्रिक वाहनांच्या नोंदणीचं शुल्क माफ केलं. शुल्क माफ झालं, नोंदणी नव्हे. आपल्याकडे "माफ" हा शब्द कानावर पडला की पुढचं ऐकूच येत नाही. २०२५मध्ये राज्यात मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी मिळाली, तेव्हा एका परिचितांनी मला विचारलं, "मग आता स्कूटर घेऊन एक्सप्रेसवेने जाणार का?" माफी चारचाकींना आणि बसना आहे, दुचाकीला त्या रस्त्यावर मुळात प्रवेशच नाही.

तर माझ्या गाडीला हिरवी नंबरप्लेट आहे, पांढऱ्या अक्षरांची. आरसी आहे. लायसन्स लागतं. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, त्यात इलेक्ट्रिकला १५ टक्के सूट मिळते. या प्रीमियमचे टप्पे पेट्रोलच्या गाडीला सीसीवर ठरतात, आपल्या गाडीला किलोवॉटवर: ३पर्यंत, ३ ते ७, ७ ते १६, त्यापुढे. विमावाल्यांना जे कळतं ते फॉरवर्ड लिहिणाऱ्याला कळलेलं नाही. हेल्मेट मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९प्रमाणे, तेही आयएसआय शिक्क्याचं.

"वेग कमी वाटला तर लॉक काढून घ्या."

सगळ्या मेसेजमध्ये मला सर्वांत राग येतो तो या ओळीचा, कारण हा गैरसमज नाही, हा धंदा आहे. कमी वेगाची म्हणून विकायची, म्हणजे आरटीओची पायरी चढावी लागत नाही, आणि मग कंट्रोलरची (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या डब्याची) एक वायर काढून ती ४५-५०ने पळवायची. २०२२च्या उन्हाळ्यात राज्याच्या परिवहन विभागाने अशा गाड्यांविरुद्ध मोहीम काढली होती.

लॉक काढल्या क्षणी ती गाडी विनानोंदणीचं, विनाविम्याचं मोटार वाहन होते. कलम ५२ मुळात असे बदल करू देत नाही. उद्या कोणाला धडक बसली तर भरपाई विमा कंपनी देणार नाही, कारण विमाच नाही. ती तुमच्या खिशातून जाणार. कायदा क्षणभर बाजूला ठेवा. वेग दुप्पट झाला की गाडीच्या अंगातली ऊर्जा चौपट होते. पंचविसाच्या हिशोबाने बसवलेले छोटे ड्रम ब्रेक, बारीक टायर आणि सायकलसारखा सांगाडा यांनी ती चौपट ऊर्जा जिरवायची कुठे? शिवाय मोटर जास्त करंट ओढते, वायरिंग आणि बॅटरी ठरल्यापेक्षा जास्त तापतात.

गाडी घ्यायला मी फिरत होतो तेव्हा एका दुकानात मलाही हे औषध सुचवलं गेलं. मी म्हटलं, ठीक, "लॉक काढून दिला" असं बिलावर लिहून द्या. दुकानदार चहा मागवायला उठला तो परत आलाच नाही.

"मुलांना आणि ज्येष्ठांना बिनधास्त द्या."

कायद्याने १६ ते १८ या वयाला जी मुभा आहे ती ५० सीसीपर्यंतच्या गाडीची. नव्वदने पळणारी स्कूटर त्यात बसत नाही. २०१९च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९अ पालकांनी एकदा वाचावं: अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि मुलाला पंचविशी होईपर्यंत लायसन्स नाही. ज्येष्ठांचं म्हणाल तर माझे वडील ७१ वर्षांचे आहेत आणि माझ्याहून नीट चालवतात, पण ११०-१२० किलोची गाडी मेन स्टँडवर घ्यायला मला हाक मारतात.

"आवाज नाही, गिअर नाही, म्हणून सुरक्षित."

इथे जरा थांबू. पेट्रोलच्या स्कूटरवर वीस वर्षं काढलेल्या माणसाला ई-स्कूटर नेमकी याच दोन गोष्टींमुळे पाडते.

पेट्रोलच्या स्कूटरमध्ये रेस पिळली की आधी इंजिन चढतं, मग क्लच पकडतो, मग चाक फिरतं. त्या अर्ध्या-पाऊण सेकंदात कानाला कळतं, मनगटाला चूक सुधारता येते. मोटरला असली वाट पाहायची नसते. तिचा पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, उभ्या जागेवरूनच मिळतो. ४५०एक्सच्या मोटरचा टॉर्क २६ न्यूटन-मीटर, अ‍ॅक्टिव्हाचा ९च्या आसपास. दोन्हींचं गिअरिंग वेगळं असल्याने हे आकडे शेजारी ठेवून तिप्पट म्हणणं चूक ठरेल. फरक आहे तो टॉर्क कधी मिळतो यात. सिग्नलवर, वळणावर, ओल्या मॅनहोलच्या झाकणावर मनगट जरा जास्त फिरलं तर मागचं चाक लगेच सुटतं. पहिले पाचशे किलोमीटर इको मोडमध्येच, म्हणजे सर्वांत सौम्य सेटिंगवर चालवा, हा माझा एकच हट्ट. स्पोर्ट मोड पळून जात नाही.

आता मुलांची गोष्ट, कारण ती माझ्या घरात घडली. आपल्याकडे लहान मुलाला पुढे, पाय ठेवायच्या जागेत उभं करायची पद्धत आहे. ते हँडल धरतं. पेट्रोलची गाडी चालू आहे की बंद हे थरथरीवरून कळतं. ई-स्कूटर चालू असली तरी मेल्यासारखी शांत. पार्किंगमध्ये मी एक पाय जमिनीवर टेकवून शेजाऱ्यांशी बोलत होतो, गाडी चालू, स्टँड काढलेला. पाच वर्षांच्या भाच्याने मूठ पिळली. गाडी समोरच्या खांबावर गेली, त्याच्या हनुवटीला दोन टाके आणि माझ्या गुडघ्याला महिनाभर पट्टा. दोष गाडीचा नव्हता. तेव्हापासून थांबलो की आधी बंद, मग गप्पा. मूल पुढे नाही, मागे. चार वर्षांखालच्या मुलासाठी तर फेब्रुवारी २०२३पासून नियमच आहे: पट्ट्याने मोठ्या माणसाला बांधलेलं, डोक्याला हेल्मेट, वेग चाळिशीच्या आत.

शांततेची दुसरी बाजू रस्त्यावर. कुत्रं, गाय, फोनवर बोलत रस्ता ओलांडणारा माणूस, हे सगळे कानाने रस्ता बघतात आणि त्यांच्या हिशोबी तुम्ही येतच नसता. साठच्या वेगाने एका सेकंदात गाडी जवळजवळ १७ मीटर जाते, नव्वदने २५. बघून ब्रेकपर्यंत हात जायलाच तो सेकंद खर्च होतो, थांबणं त्यानंतर. गल्लीत मी तिशीच्या पुढे जात नाही आणि हॉर्न दुरूनच, हलका, एकदा वाजवतो.

रीजनबद्दल मेसेजमध्ये एक अक्षरही नाही. मूठ सोडली की मोटर उलट काम करून वीज बॅटरीत परत भरते आणि गाडी आपोआप मंदावते. महिनाभरात या सवयीने ब्रेकवरची बोटं आळशी होतात. पण बॅटरी आधीच भरलेली असेल तर ती वीज जायला जागा नसते, रीजन जवळजवळ बंद पडतं. यवतेश्वरला मित्राकडे मुक्कामाला होतो, रात्री गाडी शंभर टक्के चार्ज केली, सकाळी घाट उतरायला लागलो. पहिल्या वळणाआधी मूठ सोडली आणि गाडी मंदावेना. घाटाच्या उतारावर "ब्रेक गेले की काय" हा विचार किती लांब वाटतो ते सांगता येत नाही. ब्रेक शाबूत होते, मीच ते विसरलो होतो. डोंगरावर चार्ज करायचं असेल तर ऐंशी-पंच्याऐंशीवर थांबवा आणि उतारावर दोन्ही ब्रेक थोडे-थोडे सोडत, थोडे-थोडे दाबत या. धरून ठेवाल तर तापतील. पावसात, वाळूवर किंवा रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर रीजन मागचं चाक घसरवू शकतं. सेटिंगमध्ये ते कमी करता येत असेल तर जूनमध्येच करून ठेवा.

"पावसात बाहेर काढू नका, शॉक बसतो."

साताऱ्याच्या चार पावसाळी महिन्यांत स्कूटर घरात ठेवायची तर ती घ्यायचीच कशाला? बॅटरीला आता आयपी६७ दर्जाचं संरक्षण असतं, म्हणजे चाचणीत ती एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवतात. बहुतेक गाड्यांचा बॅटरीचा दाब ५० ते ७० व्होल्टच्या घरात आणि तो गाडीच्या पत्र्यापासून वेगळा ठेवलेला. पावसात चालवताना शॉक बसण्यापेक्षा घसरण्याची भीती बाळगा.

शॉकची खरी जागा भिंतीत आहे. तिथे २३० व्होल्ट असतात. अर्थिंग नसलेलं बोर्ड, पार्किंगमध्ये ओढत नेलेली एक्स्टेन्शन, तिचा जोड डबक्यात, ओल्या हाताने प्लग. यातलं प्रत्येक दृश्य मी आमच्याच इमारतीत पाहिलेलं आहे. आणि गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिली असेल तर सुरू करू नका, चार्जिंगला तर अजिबात लावू नका. आधी सर्व्हिस सेंटर.

"रात्री चार्जिंगला लावून झोपा."

सप्टेंबर २०२२मध्ये वसईत घराच्या हॉलमध्ये रात्री चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा गेला. त्याच महिन्यात सिकंदराबादला लॉजच्या खालच्या ई-स्कूटर शोरूमला आग लागली, आठ जण दगावले. त्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले: एआयएस-१५६ या मानकातले बदल डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्यामुळे आजची मान्यताप्राप्त गाडी घेताना रोज रात्री जीव मुठीत धरायची गरज नाही. पण जुनी गाडी, रस्त्यावरच्या दुकानात "सेल बदलून" घेतलेली बॅटरी आणि भलताच चार्जर हे तीन प्रकार घरात नकोतच.

माझी पद्धत: १६ अँपिअरचा सॉकेट, त्याला स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच), मल्टिप्लग नाही. लांबून आल्यावर अर्धा-पाऊण तास गाडी थंड होऊ द्यायची. चार्जिंग संध्याकाळी, घरात लोक जागे असताना. काढता येणारी बॅटरी असेल तर पलंगाजवळ किंवा बाहेर पडायच्या दारात ठेवायची नाही, जिन्याखाली तर मुळीच नाही, कारण धूर जिन्यानेच वर चढतो. फुगलेली, आपटलेली, गोडसर रसायनाचा वास येणारी बॅटरी चार्ज करायची नाही. धूर दिसला तर विझवायला न थांबता माणसं बाहेर काढायची आणि १०१ला फोन.

"पीयूसीची कटकट नाही."

हे बरोबर आहे.