१६एक्स झूम आणि इतर थापा

‘बजेटमध्ये कॅमकॉर्डर घेताय? दुकानदार सांगणार नाही अशा ७ गोष्टी’ हा मेसेज गेले काही महिने ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. ज्यांनी तो वाचला नाही ते सुखी; त्यांच्यासाठी सारांश असा. ब्रँडच्या नावाला पैसे मोजू नका. फोर-के आणि ४८ मेगापिक्सेल लिहिलेला कुठलाही नवा कॅमेरा जुन्या फुल एचडीपेक्षा भारीच. १६एक्स झूम घरच्या वापराला पुरे. फास्ट कार्ड टाकलं की चित्र आणखी स्वच्छ. आवाजाचं एडिटिंगमध्ये बघता येतं. अंधारासाठी नाइट व्हिजन आहेच. आणि शूटिंग झालं की फाइली कन्व्हर्टरमधून एमपी-४ करून घ्या, मूळ फाइली उडवा, कार्ड मोकळं करा.

हे वाचून आमच्या आत्याने असाच एक कॅमेरा मागवायची तयारी केली. खाली ‘आजमावलेली माहिती’ असंही लिहिलं होतं म्हणे. कोणी आजमावली, देव जाणे.

सुरुवात ४८ मेगापिक्सेलपासून. फुल एचडी व्हिडिओची एक फ्रेम १९२० गुणिले १०८० ठिपक्यांची असते. गुणाकार करा: २०,७३,६००. म्हणजे जेमतेम २ मेगापिक्सेल. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, साधारण ८३ लाख ठिपके. व्हिडिओच्या फ्रेममध्ये याहून एकही ठिपका जास्त साठवला जात नाही. मग ४८ आले कुठून? तो आकडा फोटोचा आहे, आणि अशा स्वस्त कॅमेऱ्यांत तोही बहुतेकदा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो. दोन ठिपक्यांच्या मध्ये अंदाजाने तिसरा भरायचा आणि खोक्यावर मोठा आकडा छापायचा.

नावाजलेल्या कंपन्याही यात धुतल्या तांदळासारख्या नाहीत. सोनीचा एचडीआर-सीएक्स४०५ हा अगदी साधा हँडीकॅम घ्या आणि त्याचं स्पेसिफिकेशन वाचा. सेन्सर १/५.८ इंची, व्हिडिओसाठी प्रत्यक्ष वापरले जाणारे पिक्सेल सुमारे २२.९ लाख, आणि फोटो मात्र ९.२ मेगापिक्सेल! सरळ चौपट फुगवटा. फरक इतकाच, की खरा आकडाही तिथेच छापलेला असतो आणि वाचणाऱ्याला तो सापडतो. बिननावाच्या खोक्यावर तो नसतोच.

त्यापेक्षा बिटरेट बघा, म्हणजे कॅमेरा दर सेकंदाला किती माहिती साठवतो ते. हे तपासायला कागदपत्रं लागत नाहीत. बरोबर एक मिनिट शूट करा, फाइल किती एमबीची झाली ते बघा, त्याला ८ ने गुणा आणि ६० ने भागा. फाइल १५० एमबी भरली तर बिटरेट २० मेगाबिट. फुल एचडीला एवढा एकवेळ चालेल, पण फोर-केच्या नावाखाली २० मेगाबिट असेल तर पानं, गवत, गर्दी, पडणारं पाणी असं काहीही हललं की चित्राचे चौकोनी तुकडे पडणार. वर सांगितलेला हँडीकॅम साध्या फुल एचडीलाच एक्सएव्हीसी-एस या सोनीच्या रेकॉर्डिंग प्रकारात ५० मेगाबिटपर्यंत लिहितो.

फोर-केबाबत एक अर्धसत्य मात्र मान्य करायला हवं, नाइलाजाने का होईना. अंतिम व्हिडिओ फुल एचडीत काढायचा असेल आणि चित्रण खऱ्या फोर-केचं असेल, तर एडिटिंगमध्ये दुपटीपर्यंत क्रॉप करूनही, म्हणजे कडा कापून मधला भाग मोठा करूनही, चित्र बिघडत नाही. एकाच शॉटमधून लांबचा आणि जवळचा असे दोन शॉट काढता येतात. अट ‘खऱ्या’ची आहे. ती तपासायची तर बारीक छपाईचं पान शूट करा आणि एक फ्रेम बाहेर काढा. तिची प्रत १९२० रुंदीला लहान करा, पुन्हा ३८४० ला मोठी करा आणि मूळ फ्रेमशेजारी ठेवा. दोन्हींत फरक दिसत नसेल तर तो फोर-के कधी नव्हताच. शिवाय खरा फोर-के १०० मेगाबिटचा असेल तर तासाला ४५ जीबी जागा खातो आणि साध्या संगणकावर टाइमलाइन, म्हणजे एडिटरमधली क्लिपा मांडायची पट्टी, अडखळत चालते. तेव्हा शॉटकट किंवा केडेनलाइव्ह या मोफत एडिटरांमध्ये प्रॉक्सी, म्हणजे कामापुरत्या हलक्या प्रती, चालू करूनच काम करावं लागतं. मेसेजमध्ये यातलं अवाक्षर नाही.

आता १६एक्स झूम. सगळ्या मेसेजमधलं सर्वांत हास्यास्पद वाक्य हेच, म्हणून इथे जरा थांबू या. या कॅमेऱ्यांतला झूम डिजिटल असतो, आणि खोक्यावर तसं लिहिलेलंही असतं, बारीक अक्षरांत. डिजिटल झूममध्ये भिंग जागचं हलत नाही. कॅमेरा चित्राचा मधला तुकडा कापतो आणि ताणून पूर्ण फ्रेमभर बसवतो. किती तुकडा? १९२० भागिले १६ म्हणजे १२०. १०८० भागिले १६ म्हणजे साधारण ६७. शेवटच्या रांगेतून मंचावरच्या मुलीवर पूर्ण झूम केलात तर तिचं अख्खं चित्र १२० गुणिले ६७ ठिपक्यांत उरणार. फोर-के धरलं तरी २४० गुणिले १३५. संगणकाच्या डेस्कटॉपवरचा आयकॉन २५६ गुणिले २५६ चा असू शकतो! त्या तुकड्यातून नाक-डोळे निघायचे कसे?

बरं, हाच कापाकापीचा उद्योग घरी एडिटरमध्ये करता येतो आणि नाही आवडला तर मागे घेता येतो. कॅमेऱ्यात केला की तो फाइलमध्ये कायमचा भाजला गेला, बाजूचं चित्र गेलं ते गेलंच. म्हणून कॅमेरा कुठलाही असो, मेनूत जाऊन डिजिटल झूम आधी बंद करा.

खरा झूम ओळखायला भिंगाच्या कडेवरचं वाचा. ऑप्टिकल झूम, म्हणजे भिंग हलवून केलेला, असेल तर तिथे दोन टोकांचे फोकल लेंग्थचे (मिलिमीटरमधले) आकडे असतात. सीएक्स४०५ वर १.९ ते ५७ मिमी. ५७ ला १.९ ने भागा, ३० येतात. म्हणजे ३० पट झूम भिंगाचा, कापाकापीचा नाही. एकच आकडा छापलेला असेल तर ते भिंग स्थिर आहे, मग खोक्यावर १६ लिहा नाही तर १६०. भिंगावर काहीच नसेल तर झूम दाबून स्क्रीनवरची पट्टी बघा. चांगल्या कॅमेऱ्यात ऑप्टिकल कुठे संपतो आणि डिजिटल कुठे सुरू होतो याची खूण त्या पट्टीवरच असते.

त्याच कडेवर एफ १.८ ते ४.० असंही असतं (भिंगाचं तोंड किती उघडतं त्याचा आकडा; तो मोठा तितकं तोंड लहान), आणि यातला मोठा आकडा ब्रँडवाल्यांच्या जाहिरातीत सहसा ठळक येत नाही. झूम शेवटच्या टोकापर्यंत नेला की भिंगाचं तोंड एफ ४ ला येतं आणि प्रकाश जवळजवळ पाचपट कमी होतो. मंद उजेडाच्या सभागृहात दाणेदार चित्र येतं ते यामुळे. उपाय सोपा: कॅमेरा पुढच्या रांगांत न्या आणि झूम निम्म्यावर ठेवा. आणि १० पटींच्या पुढे हातात धरून शूट करण्याचा हट्ट सोडा, ट्रायपॉड लावा. खोक्यावरचं ‘अँटी-शेक’ बहुतेकदा चित्राच्या कडा कापून केलेलं असतं, ते तिथे पुरं पडत नाही.

‘ब्रँडला पैसे मोजू नका’ यातही थोडं तथ्य आहे. अंगभूत प्रोजेक्टर, वाय-फाय, चेहरा बघून आपोआप फोटो, याला वेगळे पैसे मोजायची गरज नाही. पण पर्याय म्हणून नवा कोरा बिननावाचा डबा घेणं हा उपाय नव्हे. झूम लागत नसेल तर हातातला बरा मोबाइल त्या डब्यापेक्षा चांगलं चित्र देतो, पैसे ट्रायपॉड आणि माइकवर घाला. फक्त बहुतेक मोबाइल फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम ते) स्थिर ठेवत नाहीत, त्यामुळे लांब क्लिपमध्ये ओठ आणि आवाज यांची फारकत होऊ शकते. कॅमेरा ॲपमध्ये ठरावीक फ्रेमरेटचा पर्याय असेल तर तो निवडा. झूम लागत असेल तर कार्डवर रेकॉर्ड करणारा, वापरलेला फुल एचडी कॅमकॉर्डर घ्या. घेताना पांढऱ्या भिंतीचं मिनिटभर शूटिंग करून मेलेले पिक्सेल शोधा, झूम या टोकापासून त्या टोकापर्यंत चार-पाच वेळा फिरवून फोकस परत बसतो का ते बघा आणि चार्जर लावलेला असताना रेकॉर्डिंग चालतं का ते विचारू नका, करून बघा.

मिनी-डीव्ही टेपचा कॅमेरा फुकट मिळाला तरी दोनदा विचार करा. टेपवरचं चित्रण संगणकात घ्यायला फायरवायर ही जुनी जोडणी लागते. कॅमेऱ्यावरच्या यूएसबीमधून अनेक मॉडेलांत फक्त फोटो किंवा हलक्या प्रतीचं चित्रण येतं. तासाभराच्या टेपला तासभर लागतो, जागा सुमारे १३ जीबी. आणि ८ सेंटिमीटरच्या डीव्हीडीवर रेकॉर्ड करणारे कॅमेरे तर घेऊच नका.

फास्ट कार्डाने चित्र स्वच्छ होतं? नाही. कार्डाला जेवढं मिळतं तेवढंच ते लिहितं. कमी वेगाचं असेल तर रेकॉर्डिंग मध्येच थांबतं, एवढंच. हिशेब करताना मेगाबिटला ८ ने भागून मेगाबाइट काढा. २४ मेगाबिटच्या एव्हीसीएचडीला (कॅमकॉर्डरांचा फुल एचडी रेकॉर्डिंगचा एक प्रकार) सेकंदाला ३ मेगाबाइट, त्याला क्लास १० कार्ड भरपूर. १०० मेगाबिटच्या फोर-केला १२.५, क्लास १० ची हमी फक्त १० ची, म्हणून तिथे यू३ किंवा व्ही३० असा वेगाचा शिक्का असलेलं कार्ड घ्यावं लागतं. फक्त एसडीएचसी कार्ड घेणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यात ३२ जीबीच्या वरचं कार्ड घालू नका.

नाइट व्हिजनबद्दल काय बोलायचं! अवरक्त (इन्फ्रारेड) दिव्याच्या उजेडात रंगहीन चित्र येतं. खोलीतला एक जास्तीचा दिवा लावा, काम झालं.

आवाजाचं मात्र एडिटिंगमध्ये ‘बघता’ येत नाही. कॅमेऱ्यातला माइक आवाजाची पातळी आपोआप चढवतो-उतरवतो. शांतता झाली की पातळी वर जाते आणि सूं-सूं ऐकू येतं, टाळ्या पडल्या की एकदम खाली येते आणि पुढचे दोन शब्द गिळले जातात. फाटलेला किंवा घुमणारा आवाज कुठलंही सॉफ्टवेअर पूर्ववत करत नाही. म्हणून माइकची खाच असलेलं मॉडेल शोधा (सीएक्स४०५ ला ती नाही, हा त्याचा खरा दोष). खाच असली तरी मोबाइलसाठीचा कॉलर माइक थेट चालेलच असं नाही. त्याच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, कॅमेऱ्याला दोन रेघांची पिन लागते. मध्ये ॲडॉप्टर लावा. खाचच नसेल तर कॉलर माइक मोबाइलला जोडा, मोबाइल विमान मोडवर टाकून बोलणाऱ्याच्या खिशात ठेवा आणि ४८ किलोहर्ट्झवर वेगळं रेकॉर्डिंग करा. सुरुवातीला एक टाळी, शेवटी एक टाळी. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत, तासाभरात दोन-चार फ्रेमचा फरक पडू शकतो. पहिल्या टाळीवर आवाज जुळवा आणि दुसऱ्या टाळीपर्यंत तो किंचित ताणा किंवा आखडा.

राहिला कन्व्हर्टर. बाकीच्या थापांनी पैसे जातात, या सल्ल्याने चित्रणच जातं. वापरलेले बरेचसे कॅमकॉर्डर एव्हीसीएचडी लिहितात, फाइलीचं नाव एमटीएसने संपतं. मोफत कन्व्हर्टर ती फाइल उलगडतो आणि न विचारता ५ ते ८ मेगाबिटमध्ये पुन्हा दाबतो. एडिटिंगनंतर एक्सपोर्ट करताना ती तिसऱ्यांदा दाबली जाते. याहून वाईट इंटरलेस चित्रणाचं. १०८०-५०आय चित्रणात एका फ्रेममध्ये दोन अर्धी चित्रं असतात, एकाआड एक ओळींची, १/५० सेकंदाच्या अंतराने घेतलेली. कन्व्हर्टरने त्यांना न सोडवता चित्र ७२० ला लहान केलं की दोन्हींच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि हलत्या हाताभोवती कंगव्यासारखे दाते उमटतात. मग डीइंटरलेसचं (ही अर्धी चित्रं सोडवणारं) कुठलंही फिल्टर लावा, ते निघत नाहीत. आणि मूळ फाइली तर तुम्ही मेसेज वाचून आधीच उडवल्यात.

कार्डावरचा ‘प्रायव्हेट’ नावाचा फोल्डर अख्खा कॉपी करा, आतल्या फाइली सुट्या ओढू नका. लांब शॉट कॅमेरा तुकड्यांत लिहितो, काही २ जीबीला तोडतात, काही ४ ला. ते तुकडे कसे जोडायचे याची माहिती त्या फोल्डरातल्या इतर फाइलींत असते. सुटे तुकडे टाइमलाइनवर शेजारी ठेवले की सांध्यावर आवाज क्षणभर तुटतो. एडिटरला एमटीएस थेट दिलं तर बहुतेक वेळा तो घेतोच. नाही घेतलं तर एफएफएमपेग या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘कॉपी’ पर्याय वापरून फक्त वेष्टन, म्हणजे फाइलचा प्रकार, बदला: एमओव्ही किंवा एमकेव्ही. यात चित्र पुन्हा दाबलं जात नाही, म्हणून काम काही सेकंदांत होतं; तासभर चाललं तर समजा चुकून कन्व्हर्ट करताय. डीइंटरलेस एडिटरमध्ये करा, मूळ फाइलवर नाही.

फोल्डरची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. दोन्हीकडे एकूण बाइट कार्डाइतकेच भरतात का ते जुळवा, पहिली आणि शेवटची क्लिप शेवटपर्यंत चालवून बघा. त्यानंतरच कार्ड फॉरमॅट करा, आणि तेही संगणकात नाही, कॅमेऱ्यातच.