दहा टक्क्यांचा नियम कुणी काढला?

माझी भाची पदव्युत्तर प्रबंधासाठी एका ग्रंथालयाच्या 2,400 सभासदांच्या वाचनसवयींचा अभ्यास करते आहे. सभासदांची यादी हातात होती. त्यातून 300 नावं काढून फोन करायचे असं ठरलंही होतं. मग कळलं की भाचीबाईंनी यादी ठेवली बाजूला आणि गूगल फॉर्म दिला पुस्तकप्रेमींच्या ग्रुपांत टाकून. 700 उत्तरं आली म्हणून खूश! का, असं विचारल्यावर तिनं 'सर्व्हेचं खरं गणित' नावाचा एक फॉरवर्ड पुढे केला. तो मलाही आला होता आणि मी न वाचता पुसून टाकला होता. आता वाचला.

पहिलाच दावा: नमुना (म्हणजे ज्यांना विचारलं ती माणसं) लोकसंख्येच्या (म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलायचं त्या सगळ्यांच्या) किमान 10 टक्के नसेल तर पाहणी बोगस. असा नियम संख्याशास्त्रात नाही. 200 जणांच्या संस्थेत 10 टक्के म्हणजे 20 माणसं. मत निम्मं-निम्मं विभागलेलं असेल, तर 20 जणांवरून काढलेली टक्केवारी 21 अंकांनी इकडे किंवा तिकडे सरकू शकते. म्हणजे जवळजवळ काहीच कळलं नाही. उलट 10 कोटींच्या लोकसंख्येत 10 टक्के म्हणजे एक कोटी माणसं. एवढ्यांना विचारायची गरजही नाही आणि ते कुणाला परवडणारही नाही.

मेसेजचा दुसरा प्रश्न, 'हजार जणांवरून कोट्यवधींचं काय कळणार?', यालाच जोडून येतो. चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड झाली असेल, तर हजारांच्या नमुन्यात चूक साधारण 3 अंकांपर्यंत राहते (शंभरातल्या 95 वेळा). मागे एक लाख लोक असोत की दहा कोटी, या आकड्यात नाव घेण्याजोगा फरक पडत नाही. चूक ठरते ती नमुन्याच्या संख्येच्या वर्गमुळावर. म्हणून चूक निम्मी करायची तर हजाराचे चार हजार करावे लागतात.

यात एक गोष्ट मात्र नाइलाजानं मान्य करतो. लोकसंख्या लहान असेल तर तिचा आकार मोजावा लागतो. 2,000 पैकी 1,000 जणांना विचारलं तर चूक 3 वरून 2 च्या आसपास उतरते. आणि हजारांच्या नमुन्यातल्या एखाद्या 50 जणांच्या गटाबद्दल कुणी छातीठोक बोलत असेल, तर शंका घ्यावीच. तिथे चूक 14 अंकांची असते. वृत्तवाहिन्या हे सर्रास करतात. पण मेसेज लिहिणाऱ्याला हे म्हणायचंच नव्हतं.

आता ज्या मुद्द्यानं भाचीचं काम बिघडलं तो: 'उत्तरं जितकी जास्त तितकं सत्य जवळ, म्हणून ऑनलाइन सर्व्हे श्रेष्ठ.' यावर 2021 च्या डिसेंबरात 'नेचर'मध्ये आलेला एक शोधनिबंध पुरेसा आहे. अमेरिकेत कोविडची लस किती प्रौढांनी घेतली, याच्या तीन पाहण्या त्यात तपासल्या आहेत. फेसबुक वापरणाऱ्यांतून केलेल्या पाहणीला दर आठवड्याला अडीच लाखांच्या आसपास उत्तरं येत होती. दुसरी होती खुद्द जनगणना विभागाची, दर दोन आठवड्यांना सुमारे 75,000 उत्तरांची. तिसरीत जेमतेम हजार माणसं. लस घेतलेल्यांची नोंद सरकारदरबारी होतच होती, त्यामुळे खरा आकडा पडताळता आला. मे 2021 मध्ये अडीच लाखवाली पाहणी 17 अंकांनी वर गेली, 75,000 वाली 14 अंकांनी. हजार माणसांची पाहणी, जिचा नमुना काळजीनं जमवला होता, ती खऱ्या आकड्याच्या जवळ राहिली. निबंधाचा निष्कर्ष असा की अडीच लाख उत्तरांचा अंदाजसुद्धा चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या 10 माणसांच्या अंदाजापेक्षा अचूक नसू शकतो. दहा! हजार नव्हे, शंभरही नव्हे.

वर नमुना मोठा असल्यामुळे चूक किती होऊ शकते तो आकडा कागदावर अगदी बारीक दिसतो, म्हणजे चुकीचं उत्तर भलत्याच खात्रीनं दिलं जातं. भाचीच्या 700 उत्तरांचं हेच झालं आहे. पुस्तकांच्या ग्रुपात कोण असतं? वाचणारे. वर्गणी भरून वर्षभर न फिरकलेला सभासद तिथे नाही, आणि प्रबंधाचा अर्धा विषय तोच आहे. सात हजार उत्तरं आली असती तरी तो सापडला नसता.

'रँडम म्हणजे समोर येईल त्याला विचारणे.' नाही. त्याला सोयीचा नमुना म्हणतात. यादृच्छिक निवडीत यादीतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची आधीपासून ठरलेली संधी असते आणि निवडणाऱ्याची मर्जी चालत नाही. 2,400 मधून 300 हवेत तर दर आठवं नाव. सुरुवात 1 ते 8 मधल्या कुठल्या आकड्यापासून करायची, तेही चिठ्ठी काढूनच ठरवायचं. फक्त यादीच्या क्रमात काही आवर्तन, म्हणजे ठरावीक अंतरानं तशीच नावं परत येणं, दडलेलं नाही ना, ते आधी पाहायचं.

'मला तर कधीच कुणी विचारलं नाही.' दहा कोटींतून हजार निवडले तर तुमचा नंबर लागण्याची शक्यता लाखात एक. कुणी विचारणार नाहीच.

शेवटचा सल्ला सगळ्यात घातक: 'जो उत्तर देत नाही त्याच्या जागी दुसरा घ्या.' फोन न उचलणारी माणसं उचलणाऱ्यांपेक्षा वेगळी असतात. बदली माणूस घेतला की संख्या भरते आणि भोक झाकलं जातं. त्यापेक्षा त्याच माणसाला वेगळ्या वेळी, वेगळ्या वारी पुन्हा फोन करायचा. तरी नाही मिळाला तर 300 पैकी किती मिळाले ते प्रबंधात छापायचं. न मिळालेल्यांबद्दल यादीतून जे कळतं, म्हणजे वय, सभासद कधी झाले, शेवटचं पुस्तक कधी नेलं, ते मिळालेल्यांशी ताडून पाहायचं.

भाचीला एवढंच सांगितलं आहे: ते 700 फॉर्म प्रश्नांची भाषा तपासायला वापर, टक्केवारी काढायला नको. यादी परत उघड.