खुलासा: पिवळ्या बल्बला दंड नाही

‘घरात पिवळा बल्ब सापडला तर दंड’ हा मेसेज कोथरूडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. असा नियम आपल्याकडे नाही. मूळ बातमी अमेरिकेची दिसते. तिथे ऑगस्ट २०२३ पासून वॅटमागे ४५ ल्युमेनपेक्षा (ल्युमेन म्हणजे उजेडाचे माप) कमी उजेड देणारे बहुतेक घरगुती बल्ब विकता येत नाहीत; जुने तारेचे पिवळे बल्ब त्यातच आले. विकता! घरात लावलेला उतरवायला तिथेही कोणी येत नाही. आपल्याकडे २०१५ पासून सरकारच्या उजाला योजनेत स्वस्त एलईडी मिळाले, साठच्या बल्बचा उजेड नऊ वॅटमध्ये मिळू लागला, लोकांनी आपणहून बदलले. परवा पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, तापकीर गल्लीत, साठचा मागितला, तर दुकानदाराने वरच्या फळीवरून धूळ झटकत काढून दिला. देवघरातला झिरोचा बल्बही खुशाल राहू द्या. (नाव झिरो, खातो पंधरा वॅट.)