‘स्वस्त बोर्डावर लॅग येणारच’ म्हणणाऱ्यांना उत्तर

‘स्वस्त हार्डवेअरवर जुने आर्केड गेम खेळलात तर लॅग येणारच’, म्हणजे बटण दाबल्यावर पडद्यावरची हालचाल उशिरा दिसणारच, असा एक लांबलचक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. मी दुर्लक्ष करत होतो. पण मग तो माझ्या भाच्यापर्यंत पोचला आणि त्याने मला तो पाठवताना खाली लिहिलं, “मामा, हा रास्पबेरी पाय विकून टाकतो, एफपीजीए घेतो.” (एफपीजीए म्हणजे जुन्या मशीनचं सर्किटच जिच्यात उभं करता येतं अशी चिप.) त्याच्याकडे रास्पबेरी पाय ३ हा छोटा, स्वस्त कॉम्प्युटर बोर्ड आहे, त्यावर तो ‘स्ट्रीट फायटर टू’ खेळतो, आणि ठोसा उशिरा बसतो ही त्याची तक्रार खरी आहे. पण त्या मजकुरात सांगितलेलं कारण चुकीचं आहे, उपाय खर्चिक आहे आणि एक सल्ला तर बोर्डाची वाट लावणारा आहे. म्हणून हे लिहायला बसलो.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: मूळ आर्केड मशीनमध्ये लॅग शून्य होता. इम्युलेटरला, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला, मूळ प्रोसेसरची प्रत्येक सूचना बदलून घ्यावी लागते, म्हणून उशीर होतो. प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला (ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवला), व्होल्टेज वाढवलं की लॅग जातो. रन-अहेड (पुढचं चित्र आधी दाखवणारी सेटिंग) सरसकट ४ वर ठेवा. ‘झीरो डिले’ लिहिलेला एन्कोडर बोर्ड (बटणं कॉम्प्युटरला जोडणारा) लावा. आणि एवढं करूनही जमलं नाही तर एफपीजीए घ्या.

‘शून्य लॅग’ हा सगळ्यात मोठा बकवास आहे आणि बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे, म्हणून आधी तेच. हे गेम सेकंदाला साधारण ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, दाखवतात, म्हणजे एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. बटण दाबलंय का, हे गेम साधारणपणे फ्रेमला एकदाच बघतो. त्याने बघून झाल्यावर लगेच तुम्ही बटण दाबलंत तर पुढच्या फ्रेमपर्यंत त्याला पत्ताच नसतो. मग हालचाल ठरणार, चित्र तयार होणार. सीआरटीचा, म्हणजे जुन्या काचेच्या नळीच्या पडद्याचा, किरण वरून खाली यायलाही जवळपास अख्खी फ्रेम घेतो, आणि लढणारे दोघं उभे असतात पडद्याच्या खालच्या भागात. यात शून्य कुठे आलं?

‘स्ट्रीट फायटर टू’ १९९१ चा, कॅपकॉमच्या सीपीएस-१ बोर्डावरचा. माम या इम्युलेटरचा कोड सगळ्यांना वाचायला खुला आहे. १९९७ पासून लोक मूळ बोर्ड तपासून तो लिहितायत. त्यातला सीपीएस-१ च्या चित्राचा भाग उघडून बघा. तिथे स्प्राइटची (हलणाऱ्या चित्रांची) यादी मुद्दाम बाजूला साठवून एक फ्रेम उशिरा काढली जाते, आणि शेजारच्या टिपेत तसं लिहिलेलंही आहे. हा उशीर मामने आणलेला नाही. मूळ बोर्डच तसं करतो, माम फक्त त्याच्याशी इमान राखतं. म्हणजे रयू-केन या लढणाऱ्यांचं चित्र मूळ मशीनच्या हार्डवेअरमध्येच एक फ्रेम मागे आहे. ज्या मशीनची ‘शून्य लॅग’ म्हणून शपथ घेतली जाते, त्याच मशीनची ही गोष्ट.

कोड वाचायचा नसेल तर घरी करून बघा. रेट्रोआर्कमध्ये (इम्युलेटर चालवणारा प्रोग्राम) गेम सुरू करा, कीबोर्डवर ‘पी’ दाबून थांबवा. ठोशाचं बटण दाबून धरा आणि ‘के’ दाबत एकेक फ्रेम पुढे जा. पहिल्यांदा ‘के’ दाबल्यावर पात्र ढिम्म हलत नाही. कितव्या फ्रेमला हलतं ते मोजा. गेम थांबवलेला असताना टीव्ही, केबल, बोर्डाचा वेग यांचा काहीच संबंध उरत नाही. हा उशीर गेमचा स्वतःचा, आणि तो आर्केडमध्येही होताच.

आता ‘इम्युलेटर सूचना बदलत बसतो’ हा मुद्दा. सीपीएस-१ मध्ये १० मेगाहर्ट्झचा ६८००० प्रोसेसर होता. पाय ३ त्याची एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांच्या आत उरकतो आणि उरलेला वेळ नुसता थांबतो. काम वेळेत उरकलं नाही तर गेम मंदावतो, आवाज तुटतो. तो वेगळा आजार आहे, त्याला लॅग म्हणू नका. खरा उशीर होतो तो तयार झालेलं चित्र रांगेत उभं राहतं तिथे. ग्राफिक्स ड्रायव्हर दोन-तीन फ्रेम हाताशी ठेवून काम करतो. रेट्रोआर्कच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये ‘मॅक्स स्वॅपचेन इमेजेस’ ३ चं २ करा. बोर्डाला झेपलं तर रांगेतली एक फ्रेम कमी होते, आणि त्याला पैसा लागत नाही.

मजकुराच्या म्हणण्यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने का होईना मान्य करतो. मूळ बोर्ड चित्र ओळीओळीने तयार करत थेट पडद्याकडे पाठवायचा. इम्युलेटर सहसा अख्खी फ्रेम आधी बनवतो आणि मग पुढे देतो. हा फरक खरा आहे. ‘फ्रेम डिले’ नावाची सेटिंग तो कमी करते: बटणं फ्रेमच्या सुरुवातीला न वाचता शक्य तितक्या उशिरा वाचायची आणि उरलेल्या वेळात चित्र उरकायचं. इथे वेगवान प्रोसेसरचा फायदा होतो, कारण त्याला जास्त उशिरा सुरुवात करून चालतं. पण हा सगळा मामला एखाद्या फ्रेमचा आहे. भाच्याचा ठोसा जितका उशिरा येत होता, तितका उशीर यातून निघत नाही.

ओव्हरक्लॉकिंगचा सल्ला तर संतापजनक आहे. ‘फ्रेम डिले’ न लावता प्रोसेसर कितीही पळवा, ९ मिलिसेकंदांचं काम ५ मध्ये झालं तरी चित्र पडद्याच्या पुढच्या रिफ्रेशलाच दिसणार. मिळालं काय? उष्णता. पाय ८० अंश सेल्सिअसला पोचला की स्वतःचा वेग उतरवायला लागतो. बंद डब्यात, हीटसिंक नसताना तिथवर जायला वेळ लागत नाही, आणि मग आधी नीट चालणारा गेमही अडखळतो. वर व्होल्टेज वाढवून ‘फोर्स टर्बो’ (सतत कमाल वेग) चालू करा म्हणे! पाय ३ वर हे दोन्ही एकत्र केलं की वॉरंटीची खूण चिपमध्ये कायमची नोंदली जाते, पुसता येत नाही. शाळकरी मुलं हे वाचून तसंच्या तसं करतात, लिहिणाऱ्याने एवढा तरी विचार करायला हवा होता.

रन-अहेड चांगली सोय आहे. २०१८ मध्ये रेट्रोआर्कमध्ये आली. ती गेमची स्थिती जपून ठेवते, गुपचूप पुढच्या फ्रेम चालवून बघते आणि तुम्हाला पुढचं चित्र आधी दाखवते. म्हणजे मूळ गेमचाच उशीर खाऊन टाकते. पण ४ वर ठेवलं की पडद्यावरच्या एका फ्रेमसाठी पाच फ्रेमचं काम, आणि तेही स्वस्त बोर्डावर. शिवाय गेमचा स्वतःचा उशीर दोन फ्रेमचा असेल आणि तुम्ही चार फ्रेम पुढे गेलात, तर हालचालीची सुरुवातच गायब होते, पात्र जागच्या जागी उडी मारल्यासारखं दिसतं. वर सांगितलेल्या ‘के’च्या मोजणीत पात्र तिसऱ्या फ्रेमला हललं तर आकडा जास्तीत जास्त दोन. प्रत्येक गेमसाठी वेगळा मोजायचा, पाय ३ वर एकपासून सुरुवात करायची.

एन्कोडरबद्दल फार बोलत नाही. खोक्यावर काहीही छापता येतं. ‘बटण दाबलंय का’ असं कॉम्प्युटर त्याला सेकंदाला १२५ वेळा विचारत असेल तर ८ मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर तिथेच आहे. लिनक्समध्ये जॉयस्टिकला दर मिलिसेकंदाला विचारायची सेटिंग करता येते, बहुतेक साध्या यूएसबी बोर्डांना ती लागू होते.

आणि ज्याने सगळ्यात जास्त उशीर होतो, त्या टीव्हीचा या मजकुरात उल्लेखसुद्धा नाही! चित्र ‘गुळगुळीत’ करणारी सोय दोन फ्रेमच्या मध्ये नवी फ्रेम घालते. त्यासाठी तिला पुढची फ्रेम हातात यावी लागते, म्हणजे आलेली फ्रेम रोखून धरण्यावाचून तिला गत्यंतरच नाही. त्यावर रंग, धार, नॉइज यांच्या प्रक्रिया. काही टीव्ही अशा मोडमध्ये १०० मिलिसेकंदांच्याही पलीकडे जातात, म्हणजे सहा फ्रेम. भाच्याला टीव्हीच्या मेनूचा फोटो पाठवायला सांगितला: मोड ‘सिनेमा’, ‘गुळगुळीत’ करणारी सोय चालू. त्याला गेम मोड लावायला सांगितलं आणि आधीचा-नंतरचा फोनवर स्लो-मोशन व्हिडिओ काढायला लावला. सेकंदाला २४० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४.२ मिलिसेकंदांची असते. बोट बटणावर टेकल्यापासून ठोसा हलेपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या. नुसत्या एका सेटिंगने त्या निम्म्याहून कमी झाल्या. बोर्ड तोच, गेम तोच.

दोन गोष्टी लॅगच्या नावावर उगाच खपतात, त्याही तपासा. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ मूळ मशीनवर सेकंदाला सुमारे ५४.७ फ्रेमने चालायचा. तो ६० हर्ट्झच्या पडद्यावर थरथरतो किंवा जवळपास दहा टक्के जोरात पळतो. आणि रेट्रोआर्कमध्ये आवाजाची लेटन्सी (उशीर) मुळात ६४ मिलिसेकंदांवर असते. ठोसा वेळेत बसला तरी त्याचा आवाज मागून येतो आणि बटणच उशिरा चालल्यासारखं वाटतं. बोर्डाला झेपेल तितकी ती कमी करा.

एफपीजीएला माझा विरोध नाही. डीई१०-नॅनो या एफपीजीए बोर्डावरचा मिस्टर हा अप्रतिम प्रकल्प आहे आणि ओळीओळीने चित्र पाठवण्याचा फायदा त्यात खरोखर मिळतो. पण सीपीएस-१ ची ती एक फ्रेम तिथेही तशीच राहते, राहायलाच हवी. आणि ‘सिनेमा’ मोडवरच्या टीव्हीला जोडलात तर सहा फ्रेमही तशाच राहतात. गेम मोड, रांग, यूएसबी, रन-अहेड हे सगळं करून झालं असेल, समोर सीआरटी असेल आणि तरीही अख्खी फ्रेम आधी बनवण्यात जाणारी ती शेवटची फ्रेम खुपत असेल, तर खुशाल घ्या. त्या एका फ्रेमसाठी तो योग्य खर्च आहे.